पास नंतर मोजा, आधी नदीतला खड्डा मोजा

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रास (५०० घनफूट) रेती मोफत मिळेल, असं २०२५च्या नव्या रेती धोरणात आलं, ते चांगलंच झालं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती रेती नदीतल्या रेतीघाटातून काढायची कोणी, वाहायची कोणाच्या ट्रॅक्टरने आणि रस्त्यात महसूल पथकाने अडवलं तर दाखवायचं काय? मी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या साज्यांमध्ये तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. अवैध उत्खननाचे पंचनामे लिहिता लिहिता जे दिसलं ते सरकारी टिपणीत बसत नाही, म्हणून हे उघड पत्र.

गौण खनिजाच्या, म्हणजे रेती, माती, मुरूम, दगडाच्या कारवाईत सगळ्यांची नोंद एकाच नावाने होते: अवैध उत्खनन करणारा. त्यात कोण कोण येतं पाहा. धानाच्या चिखलणीला चालतो तोच ट्रॅक्टर उन्हाळ्यात रेतीला लावणारा कर्जदार शेतकरी. विटांची भट्टी लावणारा कुंभार. डबर फोडणारं वडाराचं कुटुंब. आणि रात्री दोन पोकलॅन घाटात उतरवून टिप्परची रांग लावणारा ठेकेदार. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६चं कलम ४८ या चौघांना सारखंच लागतं. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, वर वाहन जप्त. ते सोडवायचं तर ट्रॅक्टरला १ लाख, डंपरला २ लाख आणि खोदणाऱ्या मशीनला साडेसात लाख, असे दर २०१८ साली ठरले. कागदावर हे प्रमाणशीर दिसतं. प्रत्यक्षात साडेसात लाख हा ठेकेदाराच्या धंद्यातला एक खर्च असतो; भरून तो मोकळा होतो. ट्रॅक्टरवाल्याचा ट्रॅक्टर मात्र तहसीलच्या आवारात पावसाळाभर भिजत उभा राहतो आणि त्याच्या बांधीत चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. एका पंचनाम्यावर अंगठा देताना एक म्हातारा म्हणाला होता, "साहेब, आमी चोर आहो, कबूल. पण घर बांधाले रेती कोठून आणाची, थे तं सांगा." त्याला सांगण्यासारखं उत्तर माझ्या दप्तरात नव्हतं. ते आजही तिथे नसावं असं वाटतं.

लहान माणसाने नदी खरवडली तर तिला कमी लागतं, असं मी म्हणणार नाही. एका घाटात रात्रभर पन्नास ट्रॅक्टर फिरले तर ती पोकलॅनइतकीच खोल जाते. दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखलं होतं. ५ हेक्टरच्या आतल्या खाणपट्ट्याला पर्यावरण मंजुरी लागत नव्हती, म्हणून मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून पट्टे घेतले जात होते. न्यायालयाने ती पळवाट बंद केली, योग्यच केलं. मग जानेवारी २०१६च्या केंद्राच्या अधिसूचनेने लहान पट्ट्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय प्राधिकरण नेमलं. सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या व्यवस्थेवर ताशेरे ओढले आणि फायली पुन्हा राज्यस्तरावर, मुंबईला जाऊ लागल्या. जिल्हा सर्वेक्षण अहवाल, खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरी, प्रदूषण मंडळाची संमती, लिलावाची अनामत: हा रस्ता ज्याच्याकडे सल्लागार आणि भांडवल आहे त्याच्यासाठीच आहे. एका ट्रॅक्टरचा धनी त्यावर पहिलं पाऊलही टाकू शकत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट, जी तालुक्याला फारशी कोणी सांगत नाही. त्याच २०१६च्या अधिसूचनेला एक परिशिष्ट जोडलेलं आहे, नववं. कोणत्या कामांना पर्यावरण मंजुरीची गरज नाही, याची यादी त्यात आहे. कुंभाराने रूढीप्रमाणे हाताने काढलेली माती त्यात आहे. पुराने शेतात आणून टाकलेली रेती काढणं आहे. गावतळ्याचा गाळ काढणं आहे. आणि ग्रामपंचायत हद्दीतली रेती-माती स्वतःच्या वापरासाठी किंवा गावाच्या सामायिक कामासाठी रूढीप्रमाणे काढणं, हेसुद्धा आहे. पर्यावरणाच्या कायद्याने ज्याला मोकळं सोडलं, त्यालाच महसुलाचा कायदा रस्त्यात धरतो, कारण या सुटीला जोडणारा साधा, गावात मिळणारा परवाना नाही. कुंभाराला राज्याच्या नियमांत रॉयल्टीची सूट आहे. तरी मातीची ट्रॉली अडली की तो सूट दाखवणार कशावर? तोंडी सांगितलेली सूट पथकाला ऐकू येत नाही.

सूट कोणाला सहज मिळाली तेही आठवावं. २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागून चार दिवस झाले नव्हते, तेव्हा केंद्राने त्याच यादीत एक बदल केला. रस्ते, पाइपलाइन अशा लांबलचक प्रकल्पांसाठी मुरूम-माती खोदायला मंजुरीची गरज उरली नाही. हरकती मागवल्या नाहीत. घाई होती म्हणे. प्रकल्पांची कामं टाळेबंदीत ठप्प असताना कसली घाई, हा सर्वोच्च न्यायालयालाही पडलेला प्रश्न होता, आणि २१ मार्च २०२४ रोजी ती सूट रद्द झाली. मधल्या चार वर्षांत महामार्गालगतच्या किती टेकड्या सपाट झाल्या ते नागपूरहून वर्ध्याकडे जाताना गाडीच्या खिडकीतून दिसतं. कुंभाराची सूट जुनी, ती कोणाच्या ध्यानात नाही. कंत्राटदाराची सूट एका रात्रीत आली आणि यंत्रणेला दुसऱ्या दिवशी पाठ होती.

नदीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मंत्रालयातून ती फक्त ब्रासमध्ये दिसते.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून निघते, बालाघाटवरून गोंदिया-भंडाऱ्यात उतरते, कन्हान तिला येऊन मिळते आणि पुढे वर्धा नदीला भेटून ती प्राणहिता होते. तिची रेती वरच्या खडकांची झीज आहे, दर पावसाळ्यात वाहून येणारी. पण पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण उभं राहिलं तेव्हापासून वरून येणारी बरीच रेती जलाशयातच बसते. खालच्या घाटांना पूर्वीइतकी भर मिळत नाही, आणि उपसा मात्र पूर्वीपेक्षा जास्त. रेती म्हणजे नदीची पाण्याची टाकी. ती गेली की काठावरच्या नळयोजनेच्या विहिरी मार्चमध्येच बुड दाखवतात. उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीत डांगरवाड्या, म्हणजे वेलफळांच्या वाड्या लावणारे ढिवर-कहार लोक आता घाटाघाटावरून उठले आहेत. खडक आणि चिखलात डांगराचा वेल धरत नाही. मासा अंडी घालतो ती जागाही गेली. आणि उरलेल्या खोल डोहात दरवर्षी आंघोळीला उतरलेली पोरं बुडतात, त्याची नोंद पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून होते, खनिकर्म कार्यालयात होत नाही.

नियम काय सांगतो? केंद्राची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, पात्रात ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी लागेल तिथपर्यंतच खोदावं. आमच्या बाजूला हिवाळा-उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीत झिरा (छोटा खड्डा) खोदला की हातभर-दोन हातांवर पाणी लागतं. याचा अर्थ, घाटातल्या खड्ड्यात पाणी साचलेलं दिसलं की नियम मोडला. त्यासाठी ड्रोन नको, सल्लागार नको; कोतवालालाही ते कळतं. तरी आम्ही वर्षानुवर्षं रस्त्यावर उभं राहून रेती वाहतुकीचे पास तपासतो. ‘महाखनिज’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरचा पास खरा असेल तर गाडी सोडायची. एकाच पासवर गाडी किती खेपा मारते, हे रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या एकट्या तलाठ्याने पाहायचं, आणि टिप्पर अंगावर आला तर पळायचं.

नदीच्या रेतीला पर्याय असलेल्या एम-सँडबद्दल, म्हणजे दगड भरडून केलेल्या रेतीबद्दल इतकंच, की येऊ दे, पण दगडाची भुकटीही डोंगर फोडूनच होते. गिट्टी खदानी बंद पडल्यावर गावालगतचे पाण्याने भरलेले खड्डे बिनकुंपणाचे राहतात. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा खाणग्रस्त गावांसाठीच असतो. त्यातून आधी या खड्ड्यांना कुंपण घाला, मग सभागृहं बांधा.

गडचिरोलीतल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या गावांना १९९६च्या पेसा कायद्याने, म्हणजे अशा क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याने एक हक्क दिला: गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभा किंवा पंचायतीची शिफारस. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून तो हक्क आम्हाला नाही. पण राज्याला स्वतःच्या नियमांत तसं करायला कोणी अडवलेलं नाही. केंद्राच्या १९५७च्या खनिज कायद्याचं कलम १५ गौण खनिजाचे नियम करण्याचा अधिकार राज्यालाच देतं.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक नदीकाठच्या गावाला एक छोटा गावघाट द्या, लिलावाबाहेरचा. तिथे फावडं-घमेलं आणि दिवसा ट्रॅक्टर एवढंच. मशीन दिसली तर गावाचा घाट वर्षभर बंद. परवाना ग्रामपंचायतीत, त्याच दिवशी, घरकुलाच्या यादीवरून किंवा बांधकामाच्या नोंदीवरून. कुंभार आणि वडार कुटुंबांना त्यांच्या सुटीचं ओळखपत्र तहसीलने स्वतःहून द्यावं, अर्जाची वाट न पाहता. किती काढायची हे पावसाळ्यानंतर किती भर पडली त्यावर ठरावं, आणि ज्या वर्षी भर पडली नाही त्या वर्षी गावालाही मिळू नये. हे शेवटचं गावात कोणाला आवडणार नाही, सरपंचांना तर मुळीच नाही, पण त्याशिवाय बाकीचं मागण्याचा आम्हाला हक्क नाही.

आणि दंडाचे दर बदला. ट्रॅक्टरला पहिल्या वेळी रॉयल्टी आणि लहान दंड पुरे. वाहन जप्ती दुसऱ्या वेळेपासून. पाण्याखाली खोदणाऱ्या मशीनला सोडवण्याची सोयच ठेवू नका. ती सरकारजमा करा.

दरवर्षी १० जून ते ३० सप्टेंबर घाट बंद असतात. या वर्षी ९ जूनला आणि १ ऑक्टोबरला, दोन्ही दिवशी, प्रत्येक घाटाची खोली ग्रामस्थांसमोर मोजून आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहिण्याचा आदेश आपण काढू शकता. त्याला कायद्यात दुरुस्ती लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. मोजायला गावातले लोक टेप घेऊन येतील. तलाठी तेवढा पाठवा, आणि दिवसा पाठवा.

आपला,
एक निवृत्त तलाठी
जिल्हा भंडारा