रवीस पत्र: दाताला तारा असताना हेडशॉट

जळगाव,
2 डिसेंबर

प्रिय रवी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ऑडिशनला फोटो मागितलेत, दाताला तारा आहेत आणि त्या निघायला अजून वर्ष आहे. त्यावर तू दोन उपाय काढलेस: डॉक्टरांना सांगून पंधरा दिवसांपुरत्या तारा काढून घ्यायच्या, नाहीतर सगळे फोटो तोंड घट्ट मिटून काढायचे. भो, दोन्ही करू नकोस.

ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा बारीक तुकडा, दाताला चिकटवलेलं असतं. ते काढून परत बसवायचं म्हणजे दाताच्या कवचावर विनाकारण दोनदा काम, वर खर्च, आणि मधल्या दिवसांत दात मागे सरकायला लागतात ते वेगळंच. शिवाय हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचा फोटो, कशासाठी मागतात? दार उघडून जो माणूस आत येईल तो फोटोतलाच आहे हे कळावं म्हणून. फोटोत तारा नाहीत आणि प्रत्यक्षात आहेत, तर पहिल्याच मिनिटाला समोरच्याचा विश्वास जातो. कॉलेजचा पोरगा, धाकटा भाऊ, दुकानातला नवा मुलगा अशा भूमिकांना तारा शोभतात. जुन्या काळातल्या भूमिकांना चालत नाहीत, तर तिथे फोटोसोबत एक ओळ लिही, ‘तारा अमुक महिन्यात निघतील’. तेवढं पुरतं.

तोंड मिटण्याचं म्हणशील, तर तारा लपवायला जातो तिथेच चेहरा बिघडतो. ब्रॅकेटमुळे ओठ थोडे पुढे आलेले असतात. ते जोर लावून मिटले की हनुवटीचा स्नायू आक्रसतो, हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात आणि वरचा ओठ ताणून पातळ होतो. बघणाऱ्याला तारा दिसत नाहीत, पण हा माणूस काहीतरी दाबून बसलाय हे लगेच दिसतं.

मिटलेल्या ओठांचा फोटो तरीही एक हवाच. तो असा काढ. ‘आम’ म्हण आणि ‘म’वर थांब. आतले दात एकमेकांना टेकू देऊ नकोस, जीभ खाली सैल सोड, नाकातून हळू श्वास बाहेर सोड. ओठ नुसते एकमेकांवर ठेवलेले असावेत, दाबलेले नकोत. मधे केसाएवढी फट राहिली तरी राहू दे. आरशासमोर हनुवटीवर बोट ठेवून बघ, खालचं मांस मऊ लागलं की बरोबर जमलं.

आता डॉक्टरांची तारीख. तार घट्ट केली की दोन-तीन दिवस दात ठणकतात आणि ठणकणारं तोंड हसत नाही. म्हणून फोटो अपॉइंटमेंटनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ठेव. त्या भेटीत ब्रॅकेटवरची बारीक रबरं बदलतातच, तेव्हा धातूच्या ब्रॅकेटवर राखाडी किंवा चंदेरी मागून घे. पांढरी घेऊ नकोस, त्यांच्याशेजारी दात पिवळे दिसतात. पारदर्शक तर नकोच, कारण हळद. आपल्या घरी खिचडी-कढी, वरण, पिवळी भाजी रोजची, आणि एका जेवणात ती रबरं पिवळीधमक होतात. ब्रॅकेट सिरॅमिकची असती तर राखाडी उठून दिसली असती आणि पारदर्शकच घ्यावी लागली असती. मग त्या चार दिवसांत हळदीचं जेवण बंद, दुसरा उपाय नाही. सध्या भरीताचे दिवस आहेत. आपल्या भरीतात हिरवी मिरची असते, हळद नसते, म्हणजे रंगाची भीती नाही. पण कांद्याची पात तारेखाली अशी अडकते की खळखळून चूळ भरून निघत नाही. फोटोच्या आदल्या जेवणात भरीत नको. दातांच्या फटीत फिरवायचा छोटा इंटरडेंटल ब्रश खिशात ठेव, चहा झाला तरी एकदा फिरव आणि ताईला टॉर्च लावून बघायला सांग.

वरच्या-खालच्या दातांना जोडणारी मोठी रबरं लावत असशील, तर फोटोपुरती तासभर काढ आणि संपताच परत लाव. ती दिवसाचे बहुतेक तास तोंडात असतील तरच काम करतात.

आता उजेड. अर्धं काम इथेच आहे, म्हणून हे नीट वाच.

प्रत्येक ब्रॅकेट हा स्टीलचा एक बारीक आरसा आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावला की समोरच्या सहा दातांवर सहा ठिणग्या पेटतात आणि नजर डोळ्यांकडे जातच नाही. उजेड देणारी जागा जितकी मोठी, तितकी ती ठिणगी पसरून मंद होते. म्हणून फ्लॅश बंद, ट्यूबलाइट बंद, बल्ब बंद, एकच मोठी खिडकी चालू. आपल्याकडे या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत दिवसभर ऊन येत नाही, नुसता मऊ उजेड येतो. तुमच्या घराची ओसरी उत्तरेला तोंड करून असेल तर तीही चालेल. खिडकीपासून तीन-चार फुटांवर बस, खिडकी तुझ्या समोर-बाजूला 45 अंशांत येऊ दे आणि तिचा मध्य तुझ्या डोळ्यांपेक्षा थोडा वर असू दे. वरून येणाऱ्या उजेडात वरच्या ओठाची हलकी सावली ब्रॅकेटवर पडते, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. पूर्वेचीच खिडकी असेल तर तिच्यावर मलमलचं जुनं धोतर एकपदरी ताण.

बसण्याआधी एक गोष्ट कर. जेवणाचा स्टीलचा चमचा घे, त्याची पाठ कॅमेऱ्याकडे करून ओठांच्या उंचीला धर आणि ताईला कॅमेऱ्याच्या जागेवरून बघायला सांग. चमच्यात जे दिसेल, तेच तुझ्या प्रत्येक ब्रॅकेटवर दिसणार आहे. बल्बचा ठिपका दिसला तर तो बल्ब शोधून बंद करा. पांढरी उभी रेघ दिसली तर तो दाराच्या फटीतला उजेड आहे. ताईने पांढरी ओढणी घेतली असेल तर तीही दिसेल, म्हणून फोटो काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत. चमच्यात खिडकीचा एकच सौम्य राखाडी पट्टा उरला की जागा ठरली.

सावलीच्या बाजूचा गाल फार काळा पडला तर थर्मोकोलचा पांढरा शीट त्या बाजूला दोन फुटांवर छातीच्या उंचीला उभा कर. मांडीवर आडवा धरू नकोस. खालून येणारा उजेड खालच्या ब्रॅकेटच्या ओळीत भरतो आणि तिथे पांढरी रेघ उमटते.

तू केळीच्या बागेत फोटो काढायचं लिहिलंस. जागा सुंदर आहे, हेडशॉटसाठी मात्र ती नको. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो, तो हनुवटीखाली आणि गळ्यावर बसतो, आणि ब्रॅकेट तर हिरवे मणी ओवल्यासारखी दिसतात. त्वचेचा रंग कसाबसा दुरुस्त करता येतो, धातूतलं प्रतिबिंब नाही. कपाशीच्या शेतात वेगळी अडचण. काळी जमीन उजेड पिऊन टाकते, खालून काहीच परत येत नाही आणि डोळ्यांच्या खोबणी अंधारतात. बाहेरच काढायचा असेल तर चुना लावलेल्या भिंतीसमोर, सावलीत, साडेआठच्या आत.

दुकानात कोणीतरी लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर गळ्यात मारेल, ‘चमक जाते’ म्हणून. ओल्या दातावरची आणि सिरॅमिकवरची चमक त्याने कमी होते, धातूवरची जवळजवळ होत नाही, आणि वर उजेडही निम्म्याहून कमी होतो. तुझी ब्रॅकेट धातूची, तेव्हा पैसे वाचव.

कॅमेरा मिळाला तर साध्या क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) बॉडीवर 50 मिमी लेन्स, अंतर पाच-सहा फूट, अॅपर्चर f/4, शटर 1/200, आयएसओ 800 पर्यंत चालेल. f/1.8 वर जायचा, म्हणजे लेन्सचं छिद्र आणखी मोठं उघडायचा, मोह होईल. तिथे पाच फुटांवर फोकसमधला धारदार पट्टा जेमतेम 6 सेंटीमीटरचा असतो, मान जरा हलली की डोळा गेला. f/4 ला तोच पट्टा 14 सेंटीमीटरच्या आसपास येतो. एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी ठेव, कारण ब्रॅकेटवरचा ठिपका एकदा निव्वळ पांढरा झाला की त्यात परत काही आणता येत नाही. मोबाईलच असेल तर 2x किंवा 3x लावून मागे सरका. 1x ने जवळून काढलं की नाक आणि तोंड पुढे येतं, आणि तुझं तोंड तारांनी आधीच पुढे आलेलं आहे. ब्युटी मोड आणि पोर्ट्रेट मोड दोन्ही बंद. ब्युटी मोड दात गुळगुळीत करायला जातो आणि तार मधेच पुसट होऊन चिखल लागल्यासारखी दिसते.

चेहरा कॅमेऱ्याला अगदी समोर नको. मान खिडकीच्या उलट बाजूला 15-20 अंश वळव, डोळे कॅमेऱ्यात. समोरच्या दातांची चमक मग कॅमेऱ्याच्या बाजूला निघून जाते. जास्त वळवलंस तर खिडकीकडच्या सुळ्यावरचं ब्रॅकेट उजेड पकडतं, म्हणून दोन-दोन अंशांनी फिरवून ताईला विचारत जा.

ओठ कोरडे ठेवू नकोस. थंडीत वरचा ओठ सुळ्यावरच्या ब्रॅकेटला चिकटतो, हसू ओसरलं तरी एका कोपऱ्यात वरच राहतो आणि चेहऱ्यावर तुच्छतेचा भाव येतो जो तुझ्या मनातही नसतो. वीस मिनिटं आधी लिप बाम लाव, बसताना टिश्यूने टिप म्हणजे वरची चमक जाईल. दर दहा फोटोंनी एक घोट पाणी, आणि प्रत्येक वेळी जीभ ओठांच्या आतून फिरव. टोचत असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मेण ज्वारीच्या दाण्याएवढं घेऊन, ब्रॅकेट कोरडं करून, मागच्या दातांवर दाब. पुढच्या दातांवर ते पांढरं दिसतं.

आता हसू. ‘चीज’ म्हणू नकोस. ‘ई’ने ओठ आडवे ताणले जातात, अख्खी तार टोकापासून टोकापर्यंत दिसते आणि डोळे मेलेले राहतात. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1862 साली मांडलं की ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू हुकमाने हलतो, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो आणि त्याला नुसता हुकूम पुरत नाही. तू नट आहेस, तुला हे सांगायला नको: हसूमागे कोणीतरी माणूस लागतो. लेन्सच्या जागी तो माणूस बसव. धुळ्याच्या गाडीतून तुझा मामा उतरतोय असं धर आणि त्याला मोठ्याने म्हण, ‘आलास का, बाबा!’ शेवटी ‘आ’ येतो, जबडा सैल सुटतो, ओठ उभे उघडतात. ताईने बटण शब्दावर नाही, शब्द संपल्यावर दाबायचं, जेव्हा आवाज थांबलेला असतो आणि चेहरा अजून बोलत असतो. हसू तीन-चार सेकंदांनी थिजतं. मग खाली बघ, डोळे मिट, श्वास सोड, वर बघ, परत. दरवेळी वाक्य बदल. आजीशी अहिराणीत बोलतोस ना, तेच बोल. ‘काय शे’ म्हणताना तुझा चेहरा जितका मोकळा होतो, तितका पाठ केलेल्या वाक्याला होणार नाही.

पहिले चाळीस-पन्नास फोटो वाया जातात. तेवढे जाऊ दे, एकूण दीडशे-दोनशे काढा. तोपर्यंत तू तारा विसरतोस, आणि कामाचे फोटो त्यानंतरचे असतात.

कपडे एकरंगी, गडद निळा किंवा मातकट, पांढरा नको, छातीवर छाप नको. बाकी तुला कळतं.

निवडताना फोटो मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघ, कारण कास्टिंगवाले पहिल्यांदा तसाच बघतात. नजर आधी डोळ्यांवर गेली तर ठेव, तारेवर गेली तर काढून टाक, बाकी तो कितीही आवडला तरी. तीन ठेव: मिटल्या ओठांचा, बोलता-बोलता अर्धवट उघडलेला, आणि दात दिसणारं पूर्ण हसू. तिसरा वगळायची इच्छा होईल, वगळू नकोस. एडिटिंगमध्ये ब्रॅकेटवरचे हायलाइट (चकचकीत ठिपके) ब्रशने 20-30 ने खाली आण, दातांचा पिवळा जरासा कमी कर आणि थांब. तारा पुसणारी ॲप आहेत, त्यांना हात लावू नकोस. सेल्फ-टेप, म्हणजे स्वतः काढलेला ऑडिशनचा व्हिडिओ, मागितली की त्यात तू बोलणारच आहेस. प्रिंट मागितली तर 8 बाय 10 इंच, उभी.

तारा निघाल्या की आठवड्याच्या आत नवे फोटो काढ आणि जुने सगळीकडून बदल.

सगळे दोनशे मला पाठव, निवडलेले तीन नकोत. तुला न आवडलेल्यांत एखादा चांगला असेल तर तो मला बघायचा आहे. ताईला नमस्कार सांग, आणि चमचा विसरू नका.

तुझा,
हेमंत