पानिपत झालं म्हणालास, त्यावरून

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

काल आईला "माझं पानिपत झालं" एवढं बोलून तू फोन ठेवलास, मग उचललाच नाहीस. धंदा बंद करावा लागला हे ताईकडून कळलं. त्यावर मी काही बोलणार नाही. एवढंच सांग, मकरंद अजून तुझ्याच खोलीवर राहतो ना? रात्री कोणी सोबत असतं ना?

तो शब्द मात्र डोक्यातून जात नाही. बेत फसला की फज्जा उडाला म्हणतो, कामात घोळ झाला की बट्ट्याबोळ. वाटोळं कुणीतरी कुणाचं तरी करतं. आत्या तो शब्द शापासारखा वापरते. पानिपत म्हणजे मोठ्या तयारीने, मोठ्या उमेदीने निघालेल्याचं सगळंच एका दिवसात जाणं. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव गेले, भाऊसाहेब गेले, महाराष्ट्रात घराघरांतून माणसं गेली. निवडणूक हरलेल्या पक्षाचं 'पानिपत' झाल्याचे मथळे येतात ते मला पटत नाहीत. निवडणूक पुन्हा येतेच. पण तू तर खरोखरच मोठ्या उमेदीने निघाला होतास. शब्द तू उगाच वापरला नाहीस, आणि त्याचीच भीती वाटते.

भाऊंची फौज दोन महिन्यांहून जास्त कोंडलेली, रसद तुटलेली. माणसं उपाशीपोटी लढायला उतरली. तू वेळेवर जेवतोस का? माणसाने आधी पोट आणि झोप सांभाळावी, हिशेब मागून होतात, घेणेकरी चार दिवस थांबतात... बघ, सुरू झालो. रागावू नकोस.

लहानपणी झोपताना तुला महादजींची गोष्ट लागायची. पायावर घाव बसून पडलेल्या महादजींना राणेखान भिस्त्याने आपल्या बैलावर घालून सुखरूप आणलं. बैलाचं नाव काय, हे तू दर वेळी विचारायचास. मी काहीतरी ठोकून द्यायचो आणि "काल वेगळं सांगितलं होतं" म्हणून तू मला पकडायचास. पुढे १७७१ मध्ये त्याच अधू पायाच्या महादजींनी मराठ्यांचा अंमल पुन्हा दिल्लीत बसवला, पण तिथवर जायच्या आधीच तू झोपलेला असायचास. आत्ताही दिल्लीचं राहू दे. पुन्हा धंदा कर असं मी म्हणत नाही. त्या संध्याकाळी महादजींजवळ राणेखान होता. तुझ्याजवळ कोण आहे?

कामगारांचा शेवटचा पगार तू स्वतःची गाडी विकून दिलास, हेही ताईच बोलली. तात्यांना मी ते दोनदा ऐकवलं.

शनिवारी रात्रीच्या गाडीने आई आणि मी निघतोय. नको म्हणू नकोस. तोवर मकरंदचा नंबर आईला पाठव. खोलीला आतून कडी लावू नकोस. फोनवर बोलावंसं वाटत नसेल तर 'जेवलो' एवढं तरी रोज लिहून पाठव.

तुझे बाबा