शेजारच्या वाडीतल्या माईंना, आभाराचे पत्र

तीर्थस्वरूप माईंना,
साष्टांग नमस्कार.

खरे तर तुम्हाला पत्र लिहिण्याचे काही कारण नाही. आपल्या दोन वाड्यांमध्ये एक दगडी गडगा आहे आणि हाक मारली तर तुम्हाला ऐकू जाते. पण गडग्याशी उभे राहून आभाराचा विषय काढला, की तुम्ही लगेच ‘पाणी सोडलेस का’ असे विचारता आणि तो विषय तिथेच संपतो. म्हणून हे उघड पत्र. तुमची नात ते तुम्हाला वाचून दाखवील, आणि मध्येच थांबवू नका असे मी तिला बजावून ठेवले आहे.

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा नारळ-सुपारीची ही वाडी माझ्याकडे येऊन जेमतेम वर्ष झाले होते. वडील आदल्या पावसाळ्यात गेले. टाळेबंदीच्या दोन दिवस आधी मी मुंबईहून गावी पोचलो आणि मे महिन्यात नोकरी गेल्याचे फोनवरच कळले. निदान वाडी आहे, या एका आधारावर मी त्या दिवसांत होतो. सुपारीची पोफळ वाकते पण मोडत नाही, असे लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यात पोफळी कमरेच्या उंचीवर काडीसारख्या मोडताना पाहिल्या. संध्याकाळी वारा पडल्यावर ओटीवर आलो, तर समोर समुद्र दिसत होता. आमच्या ओटीवरून समुद्र दिसतो, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गडग्याच्या पडलेल्या भागातून आत आलात. तुमच्या वाडीची अवस्था आमच्यापेक्षा वाईट होती, हे मला पुष्कळ नंतर समजले. मी पडलेली झाडे मोजत होतो आणि शंभराच्या पुढे माझी मोजणी सारखी चुकत होती. तुम्ही म्हणालात, “अरे, पडलेली तलाठी मोजतील. तू उभी मोज.” उभ्या त्रेचाळीस पोफळी आणि सतरा माड निघाले. चौदा गुंठ्यांत दोनशेच्या घरात पोफळी आणि एकवीस माड होते. आकडा समाधानकारक नव्हता, पण ज्याचे काहीतरी करता येईल असा तो त्या दिवसाचा पहिलाच आकडा होता.

त्यानंतरचे दीड महिने वीज नव्हती. विहिरीत झावळ्या आणि पाचोळा साचला होता, आणि पंप असून नसल्यासारखा. मी रोज तारा जोडणाऱ्या माणसांची वाट पाहत रस्त्यावर जाऊन उभा राहत असे. मदतीच्या रकमेवरूनही मी तुमच्याशी वाद घातल्याचे आठवते. हेक्टरी ५०,००० रुपये म्हणजे गुंठ्याला जेमतेम पाचशे, आणि गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी. म्हणजे ज्या झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्याचे चाळीस रुपयेसुद्धा पडत नव्हते. माझा हिशेब तुम्ही पूर्ण ऐकून घेतलात, तो बरोबर आहे असेही म्हणालात, अर्ज व्यवस्थित भरायला लावलात, आणि मग पोहरा माझ्या हातात देऊन विहीर उपसायला पाठवलेत. रागावू नकोस, असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्या काळात फोनवर सगळेच मला धीर धरायला सांगत होते. तुम्ही मात्र रोज सकाळी त्या दिवसाचे एक काम सांगत होतात, आणि मला त्याचाच उपयोग झाला.

तुमचे एक वाक्य मी अजून विसरलेलो नाही. उजाड वाडीकडे पाहून मी म्हणालो होतो, की आता इथे नुसते ऊनच ऊन आहे. तुम्ही म्हणालात, “साठ वर्षांत या जमिनीला ऊन लागले नव्हते. आता फुकट मिळते आहे, तर वापर.” मग मोडक्या पोफळी उभ्या चिरून आपण मांडव घातला आणि त्यावर पडवळ, दोडका, काकडी सोडली. ज्या झाडांसाठी मी रडत होतो, त्यांच्याच खोडांवर त्या श्रावणात वेल चढले. पैसे फार झाले नाहीत. पण टाळेबंदीत भाजी दारापर्यंत येत नव्हती, त्यामुळे निम्म्या आळीने ती आमच्याकडून नेली आणि मला पहिल्यांदा बागायतदार झाल्यासारखे वाटले.

त्याच उन्हाची दुसरी बाजूही तुम्हीच दाखवलीत, आणि ती मला कुठल्याही पुस्तकातून वेळेवर कळली नसती. पोफळ सावलीत वाढणारे झाड. शेजारची झाडे गेली, की उरलेल्या झाडाच्या खोडावर नैर्ऋत्येकडचे, दुपारनंतरचे ऊन थेट पडते. खोडाला आधी सोनेरी पिवळे डाग येतात, मग ते तपकिरी होतात, मग चिरा पडतात. झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षांनी एखाद्या साध्या वाऱ्यात ते त्याच जागी मोडते आणि आपण वाऱ्याला दोष देतो. तुम्ही मला एका खोडाजवळ नेऊन माझा तळवा त्याच्या पश्चिमेच्या अंगाला लावलात आणि नंतर पूर्वेच्या. तेवढ्यावरून मला सगळे कळले. पाऊस ओसरताच आपण त्रेचाळीसही खोडांना, शिडी पोचेल तिथवर, झावळ्या गुंडाळून सुंभाने बांधल्या. नैर्ऋत्येच्या बाजूला जुलैतच तुम्ही केळी लावायला लावल्या होत्या. तेव्हा त्या कशासाठी, हे मी विचारलेही नव्हते.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला लागून गेले आणि घडावर आलेल्या त्या केळी एका रात्रीत आडव्या झाल्या. मी ओटीवरून उठलोच नाही. तुम्ही आलात, वाडीत फेरी मारलीत आणि म्हणालात, “पोफळी उभ्या आहेत. केळीचे काय, मुनवे आहेत.” खरेच होते, महिन्याभरात त्याच कंदांतून नवी केळ वर आली. वाऱ्यात आधी पडावे असेच काहीतरी वाऱ्याच्या तोंडावर लावायचे, हा तुमचा हिशेब होता की योगायोग, हे मी अजून विचारलेले नाही.

आता बियाण्याबद्दल. डिसेंबरात उभ्या झाडांवरची पिकलेली फळे आपण बियाण्यासाठी उतरवली, तेव्हा मी मोठ्या भारावून म्हणालो होतो, की हे वादळ पचवलेल्या झाडांचे बी आहे. तुम्ही हसलात. “ती गोठ्याच्या आडोशाला होती म्हणून राहिली,” म्हणालात. झाड निवडायचे ते दरवर्षीच्या उत्पन्नावरून आणि फळाच्या वजनावरून, कुठे उभे होते यावरून नव्हे, हे सांगून तुम्ही तुमचे तांब्याचे घंगाळ पाण्याने भरलेत आणि त्यात फळे सोडलीत. काही आडवी तरंगली, काही देठाकडची टोपी वर करून सरळ उभी राहिली. उभी राहिलेली तेवढीच बियाण्याला ठेवलीत. मी तासभर त्या घंगाळापाशी बसून होतो. कमी पडलेली रोपे श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राकडे मागायची, ही वाटही तुम्हीच दाखवलीत, आणि उगाच अभिमान नको म्हणून मला तिकडे पाठवलेत.

ती रोपे जून २०२२ मध्ये जमिनीत गेली. अजून फळ नाही आणि आणखी काही वर्षे ते येणारही नाही. मधल्या काळात उरलेल्या पोफळींवर मिरी चढली आहे, आणि सावली पुन्हा दाटू लागल्यामुळे पडवळाचा मांडव यंदा काढावा लागला, याचे मला थोडे वाईटच वाटले. नोकरीसाठी मला पुन्हा विचारणा झाली होती. मी गेलो नाही. ते योग्य केले की नाही, हे अजून ठरायचे आहे, आणि त्याचे श्रेय किंवा खापर मी तुमच्यावर टाकणार नाही.

वाडीत बारा नांग्या, म्हणजे झाडे गेलेल्या रिकाम्या जागा, भरायच्या आहेत. फळे उतरवून झाली आहेत, पण त्यांतली कोणती ठेवायची याबद्दल माझी नजर अजून पक्की नाही. तुमचे घंगाळ गेली चार वर्षे आमच्याच पडवीत आहे. ते चिंचेने घासून ठेवले आहे. उद्या सकाळी ते घेऊन गडग्यावरून येतो. फळेही सोबत आणतो.

आपला,
गडग्यापलीकडचा