आर्थरला व्यास नाहीत

साउदॅम्प्टन

ती. सौ. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तो गोल टेबलवाला राजा, त्याचं खरं पुस्तक कुठलं ते कळव, चिनूला वाचून दाखवीन." फोनवर सांगून भागण्यातलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आर्थर राजाचं खरं पुस्तक असं नाहीच गं. महाभारताला निदान व्यास आहेत. इथे जो आला त्याने आपली भर घातली. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ नावाच्या धर्मगुरूने आर्थरची हकिगत 'इतिहास' म्हणून लॅटिनमध्ये लिहिली, पण तिच्यात त्याचा नावाजलेला सरदार लान्सलॉटही नाही आणि गोल टेबलही नाही. ही सगळी मंडळी मागाहून आली, बरीचशी फ्रेंच कवींच्या हातून. मग टॉमस मॅलरीने तुरुंगात बसून सगळं इंग्रजीत एकत्र बांधलं आणि १४८५ साली कॅक्स्टनने ते छापलं. आज जो तो सांगतो ती मुख्यतः मॅलरीची गोष्ट.

टेबल मात्र बघायला मिळतं. इथून गाडीने वीसेक मिनिटांवर विंचेस्टर, तिथल्या ग्रेट हॉलच्या भिंतीवर ते टांगलंय. ओकचं, साडेपाच मीटर व्यासाचं, वजन टनाच्या वर. लाकूड तपासलं तेव्हा तेराव्या शतकातलं निघालं, म्हणजे आर्थर झालाच असेल तर त्याच्यानंतर निदान सातशे वर्षांचं! वरचा रंग आठव्या हेन्रीच्या काळातला, आणि चित्रातल्या आर्थरला तोंडवळाही हेन्रीचाच दिलाय म्हणतात. राजेलोकांचं हे असं. कडेने चोवीस सरदारांची नावं आहेत. राजाच्या एका अंगाला निष्कलंक गॅलहॅड आणि दुसऱ्या अंगाला मॉर्ड्रेड, ज्याच्या हातून पुढे राजा मरतो तो. अगदी मांडीला मांडी लावून. मी बराच वेळ त्या दोन नावांकडेच बघत होते.

माझं विचारशील तर आर्थरला मधोमध बसवून सांगितलेल्या गोष्टींत माझा जीव रमत नाही. १९८१चा 'एक्सकॅलिबर' सिनेमा बघितला. दिसायला देखणा, पण त्या चकचकीत चिलखतांखाली माणूस कुठे आहे ते शोधावं लागतं. कडेला उभ्या असलेल्या कुणाकडून गोष्ट सांगितली की ती जिवंत होते.

आर्थरचा सरदार गवेन, त्याचंच बघ. चौदाव्या शतकातलं काव्य, कवी कोण ते माहीत नाही, जुनी हस्तलिखित प्रत जगात एकच. नववर्षाच्या मेजवानीत एक हिरवा राक्षसी स्वार घुसतो आणि म्हणतो, माझ्यावर एक घाव घाला, वर्षाने मी परत करीन. गवेन त्याचं मुंडकंच उडवतो. तो स्वार मुंडकं उचलतो, ते बोलतं, आणि तो चालता होतो! वर्षाने गवेन शब्दाला जागून जातो खरा, पण वाटेत मुक्कामाला राहिला तिथल्या यजमानाच्या बायकोने दिलेला, जीव वाचवणारा हिरवा पट्टा यजमानापासून लपवून कमरेला बांधून. तेवढ्या लबाडीपायी मानेला एक ओरखडा. तो शरमेने अर्धमेला होऊन घरी येतो, तर दरबार हसतो आणि सगळेच हौसेने हिरवे पट्टे बांधतात. मला ते हसू फार आवडतं.

२०२१चा 'द ग्रीन नाइट' यावरच आहे, गवेन झालाय देव पटेल. तिथे हसणंबिसणं नाही. कुऱ्हाडीखाली मान असताना त्याला पळून गेल्यावरचं अख्खं आयुष्य दिसतं: राज्य मिळतं, मुलगा लढाईत जातो, शेवटी सगळे सोडून जातात, आणि पट्टा तेवढा अंगाला चिकटून राहतो. मग तो पट्टा सोडून बाजूला ठेवतो. काव्याला सोडून आहे, तरी मला पटलं. चिनूला मात्र दाखवू नकोस, संथ आहे आणि रक्तही आहे.

आतोबांना 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' लावून दे. १९७५चा, पैशांची बोंब, म्हणून घोडेच नाहीत! राजा नुसता दुडक्या चालीने उड्या मारत येतो आणि मागे नोकर नारळाच्या करवंट्या वाजवतो. त्यावर किल्ल्यावरचा पहारेकरी विचारतो, या थंड मुलखात नारळ आला कुठून? पुढे त्यावरच वाद. रत्नागिरीत बसून बघताना तुम्हाला जास्तच हसू येईल.

चिनूसाठी १९६३चं डिस्नेचं कार्टून पुरे. त्यात आर्थरचा गुरू मर्लिन आणि एक चेटकीण यांची जादूची झुंज आहे, एकाने रूप घेतलं की दुसऱ्याने त्यावर वरचढ घ्यायचं. ती बया शेवटी ड्रॅगन होते, आणि म्हातारा मर्लिन होतो जंतू. तिला ताप भरतो, अंगावर ठिपके उठतात. खेळ खलास.

तुझ्यासाठी मात्र टी. एच. व्हाइटचं 'द वन्स अँड फ्यूचर किंग', त्या कार्टूनचं मूळ त्याच्याच पहिल्या भागात आहे. व्हाइट शाळामास्तर होता, आणि त्याचा मर्लिनही मास्तरच. पण तो काळात उलटा जगतो, त्यामुळे त्याला उद्याचं आठवतं. शेवटी लढाईच्या आदल्या रात्री थकलेला आर्थर एका पोराला म्हणतो, तू लढू नकोस, जिवंत राहा आणि ही गोष्ट लोकांना सांग. त्या पोराचं नाव टॉम. म्हणजे कोण, ते तुला आता सांगायला नको.

पुस्तक दिवाळीला येताना घेऊन येते, जाडजूड आहे, आणि अक्षरं बारीक. चष्म्याचा नंबर तेवढा तपासून घे.

आतोबांना नमस्कार, चिनूला पापा.

तुझी,
मीनू