मंत्रिसाहेब, मजुरणीच्या पैशाला लेखाशीर्ष नाही?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

भिवापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आपण आला होतात. शाळाखोलीसाठी अर्धी रक्कम गावाने जमवावी, अर्धी शासन देईल, असे माईकवर बोललात. टाळ्या आम्हीच वाजवल्या. परवा कागद आला, ‘लोकवर्गणी स्वीकारण्यास लेखाशीर्ष उपलब्ध नाही.’ म्हणजे सरकारी हिशेबात या पैशासाठी खातेच नाही. त्याच आठवड्यात तिसरीच्या वर्गात स्लॅबचा टवका पडला आणि माझ्या पुतणीच्या कपाळाला पाच टाके पडले.

हे पैसे कसे जमले ते ऐकाच. मिरचीच्या तोड्याला जाणाऱ्या बायांनी एकेका दिवसाची मजुरी दिली. मी नागपुरात नोकरीला. पावतीपुस्तक दिसले की ऑफिसातले लोक चहा सोडून उठायचे. माझा वाटा मी पतसंस्थेचे कर्ज काढून भरला, हप्ता अजून कापला जातो. आणि आता पारावर काय बोलतात? ‘खोली कायची बाप्पा, पैसे यानंच खाल्ले!’ बायको म्हणते, गावाला जाऊच नका. भाषण तुमचे, चोर मी.

कंपनीने पैसे दिले तर २०२३ पासून शाळा दत्तक योजना आहे, शाळेला नावसुद्धा जोडून मिळते. मजुरणीने दिले की लेखाशीर्ष सापडत नाही. वा!

जुनी खोली पाडावी म्हटले तर निर्लेखन, म्हणजे ती कागदोपत्री बाद ठरवणे, मंजूर नाही, आणि निर्लेखनाशिवाय नवी खोली नाही. दारावर लाल रंगात ‘धोकादायक’ लिहिले आहे. आत पोट्टे पाढे म्हणतात, कारण दुसरी जागाच नाही. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकागणिक एक वर्गखोली आणि ऊन-पावसात टिकणारी इमारत द्यायची मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. राजस्थानात पिपलोदीला २५ जुलै २०२५ रोजी शाळेचे छत कोसळून सात मुले गेली, तेव्हा आमच्याकडेही दोघे येऊन भिंत ठोकून, फोटो काढून गेले. फोटो चांगले आले असतील.

निधी नाही म्हणता? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, खर्च ५५ हजार कोटी म्हणे. मी कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिले. आमची चौदा लाखांची खोली म्हणजे त्या रस्त्याचे दोन मीटरही नाहीत. बैलगाडी मावायची नाही तेवढ्यात.

वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, या १९५३ च्या नागपूर कराराची आठवण ठेवून डिसेंबरात तुम्ही येता. त्याआधी मंत्र्यांचे रविभवन, आमदार निवास रंगवून निघतात; तिथे बरे लेखाशीर्ष सापडते! आम्ही मोर्चा आणला तर टेकडी रोडवर अडवणार, निवेदन कुणी शिपाई घेणार, आणि विदर्भाची चर्चा शेवटच्या दिवशी घाईघाईत. वर्षानुवर्षे हेच चालले आहे, पक्ष कुठलाही असो.

निर्लेखनाचा आदेश काढा. तोवर पोट्ट्यांना समाजमंदिरात बसवायची लेखी परवानगी द्या. आणि कबूल केलेले सात लाख द्या. आमच्या वर्गणीचा हिशेब नावानिशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला आहे. रंगकामाचा तुम्ही कुठे लावता, तेही कळवा.

आपला,
चोर ठरलेला एक वर्गणीवाला
मानेवाडा, नागपूर