क्लाऊनफिश घ्या, पण हॅचरीतला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत गोल्डफिशच्या शेजारी आता 'निमो' म्हणून क्लाऊनफिश हा समुद्रातला, खाऱ्या पाण्यातला मासाही दिसू लागला आहे. पोराच्या वाढदिवसाला तो पिशवीतून घरी येतो, मूठभर खडेमीठ टाकलेल्या भांड्यात पडतो आणि आठवडा काढत नाही. हे थांबायला हवं, म्हणून हे पत्र. खानदेशात हा मासा नीट जगतो, घरी पिलंही देतो. फक्त त्याचं पाणी, ऊन आणि वीज या तिन्हींचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

घरातलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही असतात. पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा) ८.१ ते ८.४ वर टिकतो तो या बायकार्बोनेटमुळे. म्हणून तयार मरीन सॉल्टच घ्यावं, लिटरला साधारण ३६ ग्रॅम. दोन बाय दीड बाय दीड फुटी टँकमध्ये दगड वजा जाता ११० लिटर पाणी बसतं, त्याला चार किलो मीठ लागेल. ते वेगळ्या पिंपात पंप लावून रात्रभर फिरवावं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) विशिष्ट घनता १.०२५ आली की वापरावं. काही जण सुरतेकडून समुद्राचं पाणी कॅन भरून आणतात. तिथे समुद्राला मिळते ती आपल्या दारावरून गेलेली तापीच. ते पाणी गाळाने गढूळ असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. ते टँकच्या कामाचं नाही.

बोअरचं पाणी तर नकोच. घरच्या आरओचंही बघून घ्यावं, कारण चवीसाठी बसवलेला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणारी, नळी जोडली की टीडीएस मीटर शून्य दाखवतो. तसं पाणी नसेल तर काचेवर तपकिरी थर धरतो आणि शेवाळ आवरता आवरत नाही. दगड सच्छिद्र सिरॅमिकचे घ्यावेत. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत आहेत, तेव्हा समुद्रातून काढलेला प्रवाळाचा तुकडा कोणी देऊ केला तरी घेऊ नये. दगड-पाणी लागल्यावर चिमूटभर खाद्य कुजू द्यावं आणि चार ते सहा आठवडे थांबावं. कुजण्यातून होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं दोन्ही चढून परत शून्यावर आले की मासा सोडावा. बहुतेक मासे मरतात ते हे आठवडे गाळल्यामुळे.

माशाला २६ ते २८ अंश लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ होतात. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत असेल तर उत्तम. नसेल तर आपली कोरडी हवा कामाला येते. झाकण काढून पाण्यावर तिरका छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश उतरतं. मात्र त्याच खोलीत डेझर्ट कूलर दार लावून चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण जातो. उघड्या टँकवर जाळी हवीच, क्लाऊनफिश उडी मारतो. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या डीआय पाण्याची घालावी. खारं पाणी ओतत राहिलं तर महिन्याभरात सगळं बिघडतं. जानेवारीच्या थंडीत १०० वॉटच्या एका हीटरऐवजी ५० चे दोन लावावेत. थर्मोस्टॅट अडकून हीटर चालूच राहिला तरी एकटा टँक उकळवत नाही.

वीज गेली की माशाला आधी भोवतो तो ऑक्सिजनचा तुटवडा. बॅटरीवरचा एअर पंप कायम जोडलेला असावा, इन्व्हर्टरवर निदान एक प्रवाह पंप असावा आणि त्या वेळी खाद्य टाकू नये. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा) तीन-चार तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. ते फेकून, फिल्टर धुऊन मगच चालू करावा.

आता पिलांचं. क्लाऊनफिशमध्ये जन्मतः मादी नसते. जोडीतला मोठा मासा मादी होतो, धाकटा नर राहतो. म्हणून एक मोठं आणि एक लहान अशी दोन पिलं आणली की जोडी जमते, पण वर्ष-दीड वर्ष धीर लागतो. क्लाऊनफिश समुद्रात ज्याच्या आसऱ्याला राहतो त्या अ‍ॅनिमोनी या जीवाची गरज नाही. नव्या टँकमध्ये अ‍ॅनिमोनी मरतो आणि सगळं पाणी नासवतो. त्याऐवजी न रंगवलेली मातीची कुंडी आडवी ठेवावी किंवा कौलाचा तुकडा टेकवावा. दिवसातून दोन-तीनदा बारीक चिरलेली कोळंबी आणि चांगल्या गोळ्या द्याव्यात.

जोडी कौल तोंडाने घासू लागली की अंडी एक-दोन दिवसांवर आलेली असतात. पहिल्या दिवशी ती नारिंगी दिसतात, तांदळाच्या दाण्याहून बारीक, दाटीने उभी चिकटलेली. नर त्यांच्यावर पंखांनी सतत वारा घालतो आणि पांढरं पडलेलं एकेक अंडं तोंडाने उचलून काढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी काळपट होतात आणि सातव्या-आठव्या दिवशी प्रत्येकात दोन चंदेरी डोळे चमकतात. त्याच संध्याकाळी कौल काढून ४० लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये, पहिल्याच टँकचं पाणी भरून, ठेवावं. एअरस्टोनचे बुडबुडे अंड्यांच्या शेजारून जावेत, अंगावर नकोत. दिवे घालवले की दोनेक तासांत पिलं बाहेर पडतात. पहिल्या एक-दोन खेपा जोडी स्वतःच खाऊन टाकते, त्याने घाबरू नये.

या टँकला चारही बाजूंनी काळा कागद लावावा, नाहीतर पिलं काचेवरच्या उजेडावर डोकी आपटून मरतात. त्यांचं पहिलं अन्न रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. मिलिलिटरला पाच ते दहा हवेत आणि पाणी नॅनोक्लोरॉप्सिस शेवाळाने हलकं हिरवं ठेवावं. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. अंडी दिसल्यावर रोटिफरची शोधाशोध सुरू होते, तेव्हा उशीर झालेला असतो. रोटिफर दोन-तीन आठवडे आधी वाढवायला घ्यावेत, तेही दोन वेगळ्या बादल्यांत, कारण जास्त खाद्य पडलं किंवा उन्हाने खोली तापली की एका बादलीतले सगळे रोटिफर रात्रीत मरतात. त्यांना खारेपणा २० ते २५ पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ) पुरतो. रोज पाव भाग काढून बारीक चाळणीतून गाळावा.

सातव्या दिवसाच्या आसपास ताजा उबवलेला आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) सुरू करावा. रोटिफर लगेच तोडू नये, तीन-चार दिवस दोन्ही द्यावेत. आर्टेमियाची टरफलं नीट वेगळी करावीत, पिलांच्या आतड्यात ती अडकतात. तळावरची घाण रोज हवेच्या बारीक नळीने हळूच ओढून काढावी. दहाव्या ते पंधराव्या दिवसात पांढरे पट्टे उमटू लागतात आणि पिलं तळाशी बसू लागतात. इतकं झालं की धोका बराचसा टळला.

तमिळनाडूतल्या मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाऊनफिशचं हॅचरी (अंडी उबवून पिलं वाढवण्याचं) तंत्र बसवलं आहे, आणि आपल्या राज्यात ऐरोलीतही सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली आहे. तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा विकायला कारण उरलेलं नाही. पकडीचा ताण सोसलेला मासा बऱ्याचदा ब्रुकलिनेला हा परजीवीचा रोग घेऊन येतो. अंगावर चिकट पांढरा थर येतो आणि दोन दिवसांत मासा दगावतो. दुकानदारांनी टँकवर 'हॅचरी' की 'समुद्र' हे लिहावं. घेणाऱ्याने समोर गोळी टाकायला सांगावं. हॅचरीतला मासा ती सहसा लगेच उचलतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या युनिटला सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के साहाय्य आहे, त्यात खाऱ्या पाण्यातले मासेही येतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मत्स्य कार्यालयांनी याचं प्रशिक्षण इथेच, उन्हाळ्याआधी द्यावं, ही कळकळीची विनंती.

आपले,
खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे काही खानदेशवासी
जळगाव