कुष्ठरुग्णांच्या हाडांची साक्ष

महोदय,

मध्ययुगीन युरोपातला कुष्ठरुग्ण म्हटला की घंटा वाजवत हिंडणारा, गावाने हाकललेला माणूस डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमधल्या विंचेस्टर शहराबाहेरच्या सेंट मेरी मॅग्डलेन रुग्णालयाची दफनभूमी मात्र वेगळेच सांगते. तिथली काही दफने 1066 च्या नॉर्मन विजयाच्याही आधीची आहेत. बहुतेक सांगाड्यांवर कुष्ठरोगाच्या खुणा आहेत, पण कबरी नीट खणलेल्या आहेत, काहींत तर डोक्यासाठी वेगळा कोनाडा कोरलेला आहे. टाकून दिलेल्या माणसासाठी एवढे कष्ट कोण घेतो? एका तरुणाला त्याच्या यात्रेची खूण असलेल्या शिंपल्यासह पुरले होते. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ जपावी, तसा तो त्याच्यापाशीच ठेवला होता.

कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून माझी उभी नोकरी विदर्भातल्या गावांत गेली, त्यामुळे या हाडांचे वर्णन मला परके वाटले नाही. नाकाच्या तळाशी असलेले हाडाचे टोक झिजलेले, वरच्या पुढच्या दातांभोवतीचे हाड खचलेले, पायाच्या बोटांची हाडे निमुळती होत संपलेली. डेन्मार्कमधल्या नेस्टवेडच्या दफनभूमीत डॉ. व्हिल्हेल्म म्यॉलर-क्रिस्टेन्सेन यांनी गेल्या शतकात याच खुणा बारकाईने नोंदवल्या. कुष्ठरोगाने बोटे ‘झडत’ नाहीत. नस निकामी होऊन पाय बधिर होतो, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि हाड झिजू लागते. याला वर्षे लागतात.

म्हणूनच, जितकी झीज जास्त तितकी हेळसांड जास्त, हा तर्क मला पटत नाही. हाड इतके झिजेपर्यंत तो माणूस जगला, हे आधी लक्षात घ्यायला हवे. ज्याला धड चालता येत नव्हते त्याच्यापर्यंत जेवण कोणीतरी पोचवलेच असणार. रोगावर औषध नव्हते आणि वस्ती वेशीबाहेरच होती, हेही खरे.

येत्या 30 जानेवारीला, कुष्ठरोगविरोधी दिनी, रुग्णसंख्येच्या चौकटीशेजारी या दफनभूमींवर एक सविस्तर लेख द्यावा, ही विनंती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील अभ्यासकांकडून तो लिहून घेता आला तर उत्तम. राजस्थानातल्या बालाथल येथील सुमारे 4 हजार वर्षांपूर्वीचा, कुष्ठरोगाच्या खुणा असलेला सांगाडा याच संस्थेच्या सहभागाने झालेल्या उत्खननात मिळाला होता.

– एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, वर्धा